आपल्याच मुंबईत गाईडबुक घेऊन कसं फिरायचं?

पत्र

सप्रेम नमस्कार. मी डोंबिवलीची. फोर्टातल्या एका बँकेत ३१ वर्षं नोकरी केली, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. सकाळची ठरलेली फास्ट, सीएसटीला उतरायचं, सबवे, बझारगेट, की दहाच्या आत मस्टरवर सही. संध्याकाळी तेच उलटं. गेल्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेले होते. घाई नव्हती म्हणून मिंट रोडवर जरा रेंगाळले, तर समोर एक दगडी कारंजं! हत्तींची तोंडं आणि अगदी वर हातात पुस्तक घेतलेला एक मुलगा. ३१ वर्षं त्याच्या खालून गेले आणि मला तो कधी दिसलाच नाही. खरं सांगते, गाडीत बसल्यावर रडू आलं.

आता वाटतं, ही मुंबई एकदा नीट पायी बघावी. पण दुकानात गेले तर सगळी पुस्तकं गेटवे, मरीन ड्राइव्ह, एलिफंटा. पाहुण्यांसाठी. मुलगी म्हणते, ‘आई, गूगल मॅप आहे ना, पुस्तक कशाला हवं?’ यांनाही बरोबर यायचंय, पण यांचे गुडघे कुरकुरतात. आणि मनातलं सांगू का? आपल्याच शहरात गाईडबुक उघडून उभं राहायची लाज वाटते. ओळखीचं कुणी भेटलं तर? एखादं चांगलं पुस्तक सुचवाल?

— एक वाचक, डोंबिवली

उत्तर

ताई, नमस्कार.

आधी त्या मुलाबद्दल सांगतो, पुस्तकांचं नंतर. त्याचं नाव धरमसी. रतनसी मुळजी जेठा या कापसाच्या व्यापाऱ्याचा मुलगा. पोरवयातच गेला. बापानं त्याच्या आठवणीसाठी हे कारंजं बांधवून घेतलं आणि १८९४ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. आराखडा केला फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सनं, तोच तुमच्या व्हीटी स्टेशनचा आर्किटेक्ट. मूर्तिकाम जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांचं. अजिंठ्याची चित्रं वर्षानुवर्षं उतरवून घेणारे ते हेच ग्रिफिथ्स.

म्हणजे बघा, रोज सकाळी तुम्ही स्टीव्हन्सच्या एका कामातून बाहेर पडत होतात आणि त्याच्याच दुसऱ्या कामाखालून ऑफिसला पोचत होतात. महापालिकेची इमारतही त्याचीच, १८९३ मध्ये पुरी झालेली. ती तर सबवेतून वर आलं की पाठीशी असते. एका माणसानं बांधलेल्या शहरातून ३१ वर्षं ये-जा केलीत आणि त्याचं नाव तुम्हाला कुणी सांगितलं नाही. यात तुमचा काय दोष? ते कारंजं बरीच वर्षं काळवंडून पडलं होतं, त्याची डागडुजी अलीकडे झाली. शिवाय सकाळी पावणेदहाला फोर्टात मान वर करून चालणारा माणूस एक तर पर्यटक असतो नाही तर खिसा कापून घेणारा. तुम्ही दोन्ही नव्हतात. तेव्हा रडू नका.

आता पुस्तकांकडे वळू.

दुकानात जी पुस्तकं दिसली ती वाईट नाहीत, पण ती तुमची नव्हेत. पाहुण्याच्या हातात दोन दिवस असतात. मोठं काय, ते कुठे आहे, फोटो कुठून निघेल, एवढंच त्याला हवं असतं. तुमची अडचण अगदी उलटी. कुठे काय आहे ते तुम्हाला पाठ आहे. ज्या रस्त्यानं जाता त्याला हे नाव का, हा चौक इथेच का, ही भिंत मध्येच तिरकी का, हे तुम्हाला हवंय. त्यामुळे ज्या पुस्तकाची अनुक्रमणिका ‘प्रेक्षणीय स्थळे’ या शब्दांनी सुरू होते ते खुशाल खाली ठेवा.

मी एक कसोटी लावतो. गिरगावातल्या मुगभाटात लहानाचा मोठा झालो, म्हणून मला ती सोपी जाते. कुठलंही मुंबईचं पुस्तक हातात आलं की पहिलं पान उघडत नाही, थेट गिरगाव काढतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एक गुळगुळीत कागदाचं, जाडजूड, चांगलं महागातलं पुस्तक घेतलं होतं. नाव सांगत नाही, लिहिणाऱ्यानं बिचाऱ्यानं कष्ट घेतले असतील. घरी येऊन गिरगाव काढलं. खोताच्या वाडीचा एक फोटो, खाली चार ओळी, आणि शेवटी सल्ला की इथे टॅक्सीनं यावं. आमच्या गल्ल्यांतून टॅक्सी! तिथे हातगाडी आली तरी दोन सायकली मागे घ्याव्या लागत. केशवजी नाईकांच्या चाळीचा उल्लेख नाही. १८९३ मध्ये मुंबईतला सार्वजनिक गणपती जिथे बसायला लागला ती चाळ. ठाकुरद्वारची नुसती बस-स्टॉपसारखी नोंद. ज्या भागाबद्दल मला माहीत आहे तिथे पुस्तक इतकं पातळ असेल, तर भायखळ्याबद्दल मी त्याच्यावर विश्वास का ठेवू?

तुम्हीही तेच करा. दुकानात उभ्या उभ्या बझारगेट काढा. आता पेरिन नरिमन स्ट्रीट म्हणतात, पण सूचीत दोन्ही नावं आहेत का तेही बघा. नसेल तर समजा, लेखक नकाशावरून फिरलाय. त्या पानावर तुम्हाला आधीच ठाऊक असलेल्या दोन गोष्टी बरोबर आणि तिसरी नवी मिळाली, तर पुस्तक घ्या. पहिल्या दोन चुकल्या असतील तर तिसरी कितीही गोड असली तरी सोडा.

बझारगेट हे नाव तरी कुठून आलं? तिथे खरोखर गेट होतं. मुंबईचा किल्ला उभा होता तेव्हा त्याला अपोलो, चर्च आणि बझार असे तीन दरवाजे होते. ‘चर्चगेट’ आपण रोज म्हणतो, पण ते चर्च चर्चगेट स्टेशनपाशी नाही. ते आहे हॉर्निमन सर्कलजवळचं सेंट थॉमस, १७१८ मध्ये उघडलेलं. त्याच्याकडे नेणारा दरवाजा म्हणून चर्चगेट. आणि बझारगेट उत्तरेचा, देशी लोकांच्या वस्तीकडचा. १८६० च्या दशकात बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना तट पाडले, दरवाजे गेले, नावं राहिली. पुढे १८८२ मध्ये बझारगेटच्या त्या टोकाला बोमनजी होर्मसजी वाडियांच्या स्मरणार्थ घड्याळाचा मनोरा आणि पाण्याचं कारंजं झालं. प्राचीन इराणी वळणाचं कोरीवकाम आहे त्यावर. रोज त्याला वळसा घालून गेलात तुम्ही. त्यातलं घड्याळ आठवत नसेल, कारण तेव्हा तुमचं लक्ष स्वतःच्या मनगटावर होतं!

नावांचाच विषय निघालाय तर माझी शिफारस इथेच सांगून टाकतो. तुम्ही ‘चालायचं पुस्तक’ मागितलंत. माझ्या मते ज्याला शहर तोंडपाठ आहे त्याला चालायच्या पुस्तकापेक्षा नावांचं पुस्तक जास्त उपयोगी. सॅम्युअल शेपर्ड नावाच्या एका इंग्रज पत्रकारानं १९१७ मध्ये मुंबईतल्या जागांच्या आणि रस्त्यांच्या नावांचा एक कोश काढला, ‘बॉम्बे प्लेस-नेम्स अँड स्ट्रीट-नेम्स’. इंग्रजीत आहे, पण नोंदी चार-चार, आठ-आठ ओळींच्या. तुम्ही बँकेत इंग्रजी पत्रांवर आयुष्य काढलंत, हे काहीच नाही. जुनं पुस्तक असल्यामुळे स्कॅन केलेलं इंटरनेटवर फुकट सापडतं. हे काम मुलीला सांगा, तिलाही जरा बरं वाटेल.

एक उदाहरण देतो. तुमच्या रस्त्याला लागूनच गनबो स्ट्रीट आहे. पाटीवर रुस्तम सिधवा मार्ग लिहिलंय, पण जुने लोक गनबोच म्हणतात. शाळकरी वयात मी त्या नावावर फार विचार केला होता. इंग्रजीत ‘गन’ म्हणजे बंदूक, ‘बो’ म्हणजे धनुष्य, तेव्हा इथे नक्की किल्ल्याचं शस्त्रागार असणार! वर्गात दोघांना पटवूनही दिलं होतं. पुढे शेपर्ड वाचला तेव्हा कळलं, बंदूक नाही की बाण नाही. हे आपले गणबाशेट. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात मुंबईत आलेले व्यापारी. गणबाशेटांचे बाबुलशेट, बाबुलशेटांचे शंकरशेट आणि शंकरशेटांचे जगन्नाथ. म्हणजे ज्यांना आपण नाना शंकरशेट म्हणतो त्यांचे पणजोबा. मराठी माणसाचं नाव साहेबाच्या जिभेवर घासून घासून ‘गनबो’ झालं आणि आपण ते इंग्रजी समजून बसलो.

म्हणून शेपर्ड वाचताना युक्ती एकच, प्रत्येक नाव मोठ्यानं उच्चारा. कागदावर जे साहेबी दिसतं ते कानाला बऱ्याचदा मराठी, गुजराती, नाही तर पोर्तुगीज निघतं.

पण शेपर्डच्याही सगळ्या गोष्टी प्रमाण धरू नका. तो स्वतः बऱ्याच ठिकाणी दोन-दोन व्युत्पत्ती देऊन बाजूला होतो, आणि मला त्याचा हाच स्वभाव आवडतो. चर्नी रोडचं बघा. आम्हाला लहानपणापासून सांगितलं जायचं की इथे गुरं चरायची, म्हणून चर्नी. शेपर्ड ते सांगतो आणि पुढे आणखी एक नोंदवतो, ठाण्याच्या चेंदणीतून आलेले लोक गिरगावात वसले आणि त्यांच्या वस्तीच्या नावावरून हे नाव पडलं. ठाण्यातली चेंदणी आजही आहे, तुमच्या गाडीच्या वाटेवर. खरं कुठलं? मी गुरांच्या बाजूचा आहे, पण तो बालपणाचा पक्षपात आहे, पुरावा नाही.

नावांनंतर माणसं. त्यांच्यासाठी मागे जावं लागेल, १८६३ पर्यंत. त्या वर्षी गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचें वर्णन’ निघालं. माडगावकर मूळचे गोव्याचे, मुंबईत शिक्षक होते. तट पडत होते, कापसाच्या तेजीत शहर उधाणलं होतं, आगगाडी सुरू होऊन जेमतेम दहा वर्षं झाली होती. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे, आणि पुढच्याच वर्षी कल्याण. म्हणजे तुमचं डोंबिवली त्याच रुळांवर आलं. अशा वेळी या गृहस्थानं अख्खं शहर मराठीत लिहून काढलं. बाजार, देवळं, तळी, धंदे, निरनिराळ्या जातीजमाती, कोण काय खातो, कोण कुठे राहतो. भाषा जुन्या वळणाची आहे, पहिली दहा पानं अडखळाल. मग कान लागतो. आजोबांच्या बोलण्याला लागायचा तसाच.

हे पुस्तक चालताना हातात धरायचं नाही. आदल्या रात्री वाचायचं. ज्या भागात जायचंय तेवढंच. आणि १८८९ मध्ये आचार्य आणि शिंगणे या दोघांनी मिळून लिहिलेला ‘मुंबईचा वृत्तांत’ मिळाला तर तोही चाळा. दोन्हींच्या मध्ये २६ वर्षं आहेत. एकात जो किल्ला आहे तो दुसऱ्यात गायब झालेला असतो.

या दोन पुस्तकांमुळे तुमच्या लाजेचाही प्रश्न मिटतो, असं मला वाटतं. आपल्याच शहराचं वर्णन हातात घेऊन फिरणं ही काही परदेशी पाहुण्यांची फॅशन नव्हे. दीडशे वर्षांपूर्वी मुंबईत राहणारा मराठी माणूस मुंबईबद्दल मराठीत लिहीत होता, आणि इथलीच माणसं ते वाचत होती. तेव्हा त्यांना लाज वाटल्याचं ऐकिवात नाही. तरीही वाटलीच, तर आपल्या शाळेतला उपाय आहे, खाकी कागदाचं कव्हर. वर बारीक अक्षरात ‘ज्ञानेश्वरी’ लिहा. ओळखीचं कुणी भेटलं तर नमस्कारच करेल.

खरंच चालायचं, नकाशा असलेलं, इथून डावीकडे वळा असं सांगणारं पुस्तक हवं असेल, तर फोर्टासाठी माझ्या मनात एकच नाव येतं. शारदा द्विवेदी आणि राहुल मेहरोत्रा यांचं ‘फोर्ट वॉक्स’, १९९९ चं. हेही इंग्रजीत. द्विवेदीबाई २०१२ मध्ये गेल्या. या शहराच्या इमारतींचा असा पाठपुरावा करणारी माणसं फार थोडी. पुस्तक आता जुनं झालंय, दुकानं बदलली, काही पाट्या बदलल्या, सीएसटीचं सीएसएमटी झालं. पण दगड तिथेच आहेत. नवं मिळालं नाही तर फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जे थोडे जुने पुस्तकवाले उरलेत त्यांना सांगून ठेवा. ‘आलं तर ठेवा’ म्हटलं की ते ठेवतात, मात्र किमतीला पहिल्याच बोलीवर मान डोलवू नका. तुम्ही फोर्टातल्या आहात, हे त्यांना कळू द्या.

आणि विकत घेण्याआधी ग्रंथालय. डोंबिवलीहून दादर किंवा फोर्ट गाठायच्या आधी ठाणे लागतं. तिथलं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून चालू आहे, जुन्या मराठी पुस्तकांसाठी पहिली चौकशी तिथे करा. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहेच. फोर्टात असाल तेव्हा टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटीची लायब्ररी. १९०९-१० च्या मुंबई गॅझेटिअरचे तीन खंडही असेच ग्रंथालयात बसून बघायचे, घरी आणले तर उशाला घेण्यापलीकडे उपयोग होत नाही.

गूगलबद्दल. मुलीचं बरोबर आहे आणि चूकही. हरवल्यावर फोन काढावा, जरूर. पण मॅप तुम्हाला कमीत कमी वेळात पोचवतो. तुम्ही ३१ वर्षं नेमकं तेच केलंत! सीएसटी ते बँक, कमीत कमी वेळात, पावसातसुद्धा. तो रस्ता तुम्हाला कुणी नव्यानं दाखवायची गरज नाही. आता तुम्हाला जास्तीत जास्त वेळात जायचंय, आणि ते बटण त्या फोनमध्ये मला अजून सापडलेलं नाही.

हेरिटेज वॉक म्हणून घोळके निघतात रविवारी सकाळी. एकदा जा, गंमत येते. पण त्यांची चाल तरुणांची असते आणि सांगणारा पुढे, आपण मागे. तुमच्या यजमानांचे गुडघे लक्षात घेता मी तुमची स्वतःची फेरी आखेन.

पहिली फेरी तर आखूनच देतो. तुमचाच रस्ता, दुसरा नाही. स्टेशन ते हॉर्निमन सर्कल, किलोमीटरभराचं अंतर. रविवारी सकाळी आठ-साडेआठला तिथे असा. रविवारचा फोर्ट म्हणजे जत्रा उठल्यावरचं मैदान असतं. शटर बंद, गाड्या नाहीत, फेरीवाले तुरळक, त्यामुळे इमारती पायापासून शेंड्यापर्यंत दिसतात. एरवी तळमजला म्हणजे नुसते बोर्ड आणि ताडपत्र्या. तुम्ही नोकरीच्या काळात रविवारी कशाला आला असाल तिथे? रविवार म्हणजे कपडे, निवडणं-टिपणं आणि आठवड्याची भाजी. म्हणजे जो फोर्ट बघण्यासारखा असतो तो तुम्ही कधी पाहिलाच नाहीत.

स्टेशनातून बाहेर पडलात की लगेच पुढे जाऊ नका. वळून स्टेशनाकडे दहा मिनिटं बघा. बांधकाम सुरू झालं १८७८ मध्ये, दहा वर्षं चाललं. तुम्ही त्याच्या पोटातून रोज गेलात, पण त्याचं तोंड किती वेळा पाहिलंत? माकडं, मोर, मुंगूस, पानं, वेली, दगडात सगळं प्राणिसंग्रहालय आहे. मग जीपीओ. विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देणारा तो घुमट जॉन बेगनं योजला आणि १९१३ मध्ये इमारत पुरी झाली. तिथून वाडियांचा मनोरा, बझारगेट, मध्ये गनबो स्ट्रीटच्या तोंडाशी उभं राहून गणबाशेटांना एक नमस्कार. पुढे मिंट रोड आणि तुमचा धरमसी. शेवटी हॉर्निमन सर्कलची बाग. तिथे बाकं आहेत, सावली आहे, यजमानांचे गुडघे तिथे माफ होतील. समोर १८३३ चा टाउन हॉल. त्याच्या पायऱ्या लांबूनच बघायला सांगा, चढायचा हट्ट दुसऱ्या फेरीला.

एवढ्यालाही दोन तास लागतील. लागू द्या. वाटेत इराणी उघडा असला तर ब्रून मस्का आणि चहा. फोर्टातले बरेच इराणी रविवारी बंद असतात, म्हणून थर्मास बरोबर असलेला बरा.

आणखी एक गोष्ट पुस्तकवाले कधी लिहीत नाहीत. तुमच्या वयाच्या, आणि खरं तर कुठल्याही वयाच्या बाईला पायी फिरायचं तर स्वच्छतागृह कुठे आहे हे धरमसीपेक्षा महत्त्वाचं. चालायच्या पुस्तकाला माझे निम्मे गुण त्यावर असतात आणि आजवर बहुतेक सगळी नापास झाली आहेत. निघण्याआधी स्टेशनात सोय उरकून घ्या, आणि वाटेत जे चांगलं सापडेल ते तुमच्या वहीत लिहा.

वही म्हणजे तुमचं स्वतःचं पुस्तक. दोनशे पानी, साधी, घडी करून पर्समध्ये मावेल अशी. डाव्या पानावर पुस्तकात वाचलेलं, उजव्या पानावर प्रत्यक्ष दिसलेलं. बँकवाल्यांना डेबिट-क्रेडिट शिकवायला नको. जिथे दोन्ही बाजू जुळत नाहीत तिथे खूण करा, पुढच्या खेपेला तिथेच जायचं. आणि तुम्हाला जे आठवतं तेही लिहा हो. कुठल्या कोपऱ्यावर कुठला भेळवाला होता, ’९३ च्या स्फोटांच्या दिवशी तुम्ही कुठल्या रस्त्यानं स्टेशन गाठलंत, २००५ च्या २६ जुलैला ऑफिसात रात्र काढलीत की चालत निघालात. हे शेपर्डमध्ये नाही, माडगावकरांमध्ये असायचा प्रश्नच नाही. तुम्ही लिहिलं नाही तर ते कुठेच नसेल.

दुसऱ्या फेरीसाठी मी स्टेशनच्या मागची बाजू सुचवेन. सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारालगत जुन्या किल्ल्याचा एक तुकडा अजून उभा आहे. तट पाडताना वाचलेला. मी स्वतः तो पन्नाशी उलटल्यावर पाहिला, आणि मी काही डोंबिवलीहून येत नव्हतो, गिरगावातून येत होतो. तिसऱ्या फेरीला माझ्याकडे या, म्हणजे गिरगावात. फडके वाडीच्या गणपतीपासून सुरुवात करा आणि वाड्यांमधून शिरत शिरत जा. रस्ता चुकलात तर कुणालाही विचारा, गिरगावकराला पत्ता सांगायला आवडतो, आणि तो सांगताना चार पिढ्यांची माहिती फुकट मिळते.

राहिला तुमचा मूळ प्रश्न, एकच पुस्तक कुठलं. आज डाउनलोड करायचं तर शेपर्ड. या महिन्यात ग्रंथालयातून आणायचं तर माडगावकर. पैसे देऊन घ्यायचं तर ‘फोर्ट वॉक्स’, आणि तेही बझारगेटचं पान वाचून मगच.

एक काम मात्र माझं करा. यजमानांकडे दुर्बीण असेल तर बरोबर न्या. धरमसीच्या हातातलं ते दगडी पुस्तक उघडं आहे, पण खालून मला त्याच्यावर काही कोरलंय की नाही ते कधी नीट दिसलं नाही, आणि आता चष्म्याचा नंबरही वाढलाय. दिसलं तर कळवा.

ता. क. रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक कुठे आहे ते शनिवारच्या पेपरात बघूनच निघा. जाताना सकाळी लवकर अडचण येत नाही, पण परतताना दुपारच्या ब्लॉकमध्ये अडकलात तर त्या गुडघ्यांचं काय होईल, ते मला ऐकायचं नाही.